थिबा राजवाडा आणि थिबा पॉइंट, रत्नागिरी: विद्यार्थ्यांच्या एक दिवसाच्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की शाळा-कॉलेजांकडून तेच ते प्रश्न यायला लागतात. सोमवारी चालू असतो का, मुलांना डबा कुठे खायला बसवायचं, आणि हमखास येणारा, "आत बघण्यासारखं काही आहे का हो?" सगळ्यांना एकेक करून उत्तरं देण्यापेक्षा इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, अडचणीचे आणि अपवादाचे पुढे येतील.

१. थिबा कोण? रत्नागिरीत त्याचा राजवाडा कसा?

थिबा हा ब्रह्मदेशचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, कोनबाँग घराण्यातला शेवटचा राजा. १८७८ साली राजधानी मंडालेच्या गादीवर बसला. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी तिसरं इंग्रज-ब्रह्मी युद्ध करून अवघ्या काही दिवसांत राज्य घेतलं आणि राजा, राणी सुपयालत, धाकटी राणी सुपयागले आणि मुली यांना बोटीवर चढवलं. रंगून, मग मद्रास आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. डिसेंबर १९१६ मध्ये इथेच तो वारला. म्हणजे हा राजवाडा असला तरी त्यात राहणारा राज्य करत नव्हता, तो सरकारचा कैदी होता. शहराबाहेर जायचं तर परवानगी, दारात पोलीस, देखरेखीला सरकारी अधिकारी. मुलांना आधी एवढं सांगून आणा, पुढचं सगळं सोपं होतं.

२. इतक्या लांब रत्नागिरीतच का आणलं?

नकाशा उघडा आणि १८८६ सालची रत्नागिरी डोळ्यांसमोर आणा. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, रेल्वे नाही. कोकण रेल्वे पूर्ण धावायला १९९८ साल उजाडलं. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे वर्षातले चार महिने गाव जगापासून तुटलेलं. ब्रह्मदेश दूर, भाषा वेगळी, ओळखीचं कोणी नाही. माणूस गुपचूप ठेवायला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. आणि हिशोब कसा पाहा: १८५८ साली याच सरकारने दिल्लीच्या बहादूरशहा जफरला उचलून रंगूनला नेलं होतं. आपला बादशहा तिकडे, तिकडचा राजा आपल्याकडे.

३. थिबा पॅलेस आणि थिबा पॉइंट एकच ना?

नाही. निम्मा गोंधळ इथेच होतो. राजवाडा ही पुरातत्त्व खात्याची वास्तू. आत संग्रहालय, ठरलेल्या वेळा, तिकीट. थिबा पॉइंट त्याच टेकाडाच्या कडेला थोडं पुढे आहे. तिथे जिजामाता उद्यान आहे, बसायला बाकं आहेत, आणि खाली भाट्याची खाडी, पूल, राजीवड्याची कोळीवस्ती आणि माडांच्या रांगांपलीकडे समुद्र असं सगळं एका नजरेत येतं. राजवाड्याला स्वतःचं मोकळं आवार आहे, पण मुलांना पळू-खेळू द्यायची जागा ती नव्हे. रिक्षावाल्याला नुसतं "थिबा" सांगितलंत तर तो त्याच्या मनाने कुठेतरी सोडेल. नीट सांगा.

४. कोणत्या दिवशी बंद असतो?

सोमवारी. सरकारी सुट्टीच्या दिवशीही चालू असेल असं धरून चालू नका. सकाळी दहाच्या आधी फाटकावर जाऊन उपयोग नाही आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास पोहोचून तर मुळीच नाही. दुरुस्तीच्या काळात काही दालनं किंवा वरचा मजला बंद ठेवतात, म्हणून मोठा गट आणणार असाल तर आधी पत्र द्या आणि कोणता भाग खुला आहे ते विचारून घ्या. बाग मात्र सोमवारीही आहेच, त्यामुळे तारीख बदलता येत नसेल तर प्रश्न ९ मधल्या क्रमातून राजवाडा वगळून पाहा.

५. तिथे पोहोचायचं कसं?

रेल्वेने आलात तर रत्नागिरी स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटर आहे. स्टेशनवरून रिक्षा किंवा बस. मुंबईहून रात्री निघणाऱ्या कोकणकन्या आणि तुतारी पहाटे-सकाळी पोहोचतात, म्हणजे एका दिवसाच्या सहलीला त्या बऱ्या. मांडवी दुपारी येते. तिने आलात तर राजवाड्याला जेमतेम वेळ उरतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, जुन्या वेळांवर विसंबू नका.

एसटीने किंवा गाडीने येणाऱ्यांनी हातखंब्याला महामार्ग सोडून शहराकडे वळायचं. एसटी स्टँडवरून राजवाडा दोन-अडीच किलोमीटर, वाटेत चढ आहे. कॉलेजची मुलं चालत जातात, पाचवी-सहावीची दुपारच्या उन्हात कुरकुरतात. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा.

६. विद्यार्थ्यांना भाड्यात सवलत मिळते का?

शाळेच्या शैक्षणिक सहलीसाठी एसटीची गाडी घेतली तर भाड्यात ५० टक्के सवलत आहे. मुख्याध्यापकांचं पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी घेऊन आगारात जायचं. डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळा रांगेत असतात, तेव्हा लवकर जा. आपापले येत असाल तर मुलींना आणि महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहेच. घर ते शाळेचा मासिक पास या प्रवासाला चालत नाही. दर वर्षी कोणीतरी तो कंडक्टरपुढे धरतोच.

७. "आत काहीच नाही" असं ऐकलंय. मग यावं कशाला?

ही तक्रार सर्वाधिक येते आणि ती अगदीच खोटी नाही. सोन्याचं सिंहासन, हत्तीच्या अंबाऱ्या, तलवारींनी भरलेल्या भिंती अशा अपेक्षेने आलात तर हिरमोड होईल. खाली दगडी मूर्ती, राजघराण्याची छायाचित्रं, थोडंफार सामान. बाकी खोल्या रिकाम्या. चाळीस मुलांचा गट वीस मिनिटांत आत शिरून बाहेर येतो आणि मग वडापावची गाडी शोधतो.

पण इथे पाहायची आहे ती इमारतच, आणि तिला वेळ द्यावा लागतो. ती बांधून पूर्ण झाली १९१० साली. राजा आला १८८६ ला. मधली २४ वर्षं तो कुटुंबकबिल्यासह टेकडीवरच्या सरकारी बंगल्यांत दिवस काढत होता आणि नव्या घरासाठी अर्जांमागून अर्ज करत होता. नव्या राजवाड्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. हे मुलांना फाटकापाशीच सांगा आणि मग आत सोडा.

समोरून पाहिलंत तर तीन मजली, विटकरी रंगाची, उतरत्या छपरांची इमारत दिसते. दोन्ही बाजूंना पुढे आलेले भाग, मधे मोकळी जागा. आता खिडक्यांकडे जा. वरच्या अंगाला अर्धवर्तुळाकार लाकडी नक्षी आहे. सकाळी उन्हं तिरकी असतात तेव्हा त्या जाळीची सावली फरशीवर पडते. मुलांना वहीत ती नक्षी काढायला लावा. पंधरा मिनिटं शांततेत जातात, आणि फोटो काढून जे दिसत नाही ते हाताने काढताना दिसतं. लाकूड ब्रह्मी साग. संगमरवरी फरशीचं मोठं दालन नाचगाण्यासाठी म्हणून दाखवतात. वर जायला मिळालं तर समुद्राकडच्या सज्जात उभे राहा. राजा दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी न्याहाळायचा असं गावात सांगतात. ते खरं असो-नसो, त्या सज्जातून दुसरं पाहण्यासारखं होतं तरी काय?

८. मागच्या बाजूची बुद्धमूर्ती पाहता येते का?

हो. राजाने बरोबर आणलेली मूर्ती म्हणून ती दाखवतात. देवळासारखी वर्दळ नसते, पण चपला काढाव्यात आणि मूर्तीला टेकून फोटो काढू नयेत एवढं मुलांना आधीच बजावा.

९. एका दिवसात काय काय होतं?

राजवाड्याला दीड तास, थिबा पॉइंट आणि बागेला तास-सव्वा तास. बाकीचा दिवस रत्नागिरी शहरात. आमच्या मते बरा क्रम असा: सकाळी आधी टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, दहा-साडेदहाला राजवाडा, दुपारी जेवण, मग झाडगावचं मत्स्यालय किंवा रत्नदुर्ग यांपैकी एकच, आणि उन्हं उतरल्यावर थिबा पॉइंट. मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे, लहान मुलं तिथून हलत नाहीत. रत्नदुर्ग घोड्याच्या नालेच्या आकाराचा, त्यात भगवतीचं देऊळ. चालणं मात्र बरंच.

दोन्ही बसवायला गेलात तर दिवसभर मुलांना गाडीत चढवणं-उतरवणं एवढंच होतं. गणपतीपुळेही याच दिवशी उरकू म्हणणाऱ्या सरांना हात जोडून सांगतो, नका.

१०. टिळक जन्मस्थान आणि थिबा राजवाडा यांचा काय संबंध? दोन्ही एकाच सहलीत का?

हा प्रश्न विचारल्याबद्दल खरं तर आभार मानायला हवेत, कारण बहुतेक सहली दोन्ही ठिकाणं पाहतात आणि त्यांची गाठ न मारताच परत जातात.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पाठवलं मंडालेला, तिथल्या किल्ल्याच्या आवारातल्या तुरुंगात. तो किल्ला म्हणजे थिबाच्या राजवाड्याभोवतीचा कोट. टिळक सुटले जून १९१४ ला. मधल्या काळात, १९१० साली, रत्नागिरीत थिबा नव्या राजवाड्यात राहायला गेला. म्हणजे जवळजवळ सहा वर्षं अशी होती की मंडालेचा राजा रत्नागिरीत नजरकैदेत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेच्या राजाच्या कोटात बंदिवान. गीतारहस्य तिथेच लिहिलं गेलं.

पुढे १९२४ ते १९३७ सावरकरही रत्नागिरीत स्थानबद्ध होते. १९३१ चं पतितपावन मंदिर त्याच काळातलं आणि गावातच आहे. वरच्या वर्गांसाठी सहलीला विषय द्यायचा असेल तर "सरकारने माणसं दूर कशी ठेवली" हा द्या. मग राजवाडा, जन्मस्थान आणि मंदिर यांची माळ आपोआप गुंफली जाते, कोणाला पाठांतर करावं लागत नाही.

११. थिबाची समाधी राजवाड्यातच आहे का?

नाही, ती शहरात वेगळीकडे, शिवाजीनगर भागात कुंपणाच्या आत आहे. थिबा १९१६ ला वारला पण राणी सुपयालत त्याला इथल्या मातीत ठेवायला तयार नव्हती. देह मंडालेला न्यायचा तिचा हट्ट, सरकारचा नकार. धाकटी राणी १९१२ मध्येच गेली होती. दोन्ही शवपेट्या राजवाड्याच्या आवारातच राहिल्या आणि अखेर १९१९ मध्ये सरकारने समाधीत ठेवून प्रकरण मिटवलं. त्याच वर्षी कुटुंब ब्रह्मदेशला परतलं. सुपयालत १९२५ साली रंगूनला वारली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीवर आले होते. जागा लहान आहे, मोठी बस आत वळत नाही. पन्नासचा गट असेल तर दोन तुकड्या करून न्या.

१२. राजवाड्यातून समुद्रापर्यंत भुयार आहे म्हणतात. आणि पुरलेला खजिना?

भुयाराच्या गोष्टी रत्नदुर्गच्या आहेत, त्या इथे येऊन चिकटल्या. विचार करा: सरकारने आपल्या खर्चाने कैद्यासाठी घर बांधलं, त्यात पळून जायला भुयारही खणून देईल?

खजिन्याचं म्हणाल तर उलटं झालं. राजाने जे थोडं बरोबर आणलं होतं तेच इथल्या खर्चापायी विकलं गेलं, वर कर्जही झालं. न्गामौक नावाचं मोठं माणिक मात्र खरंच गाजलेलं आहे. ते आपण इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडनकडे जपायला दिलं आणि परत मिळालं नाही, अशी थिबाची तक्रार होती. त्याचा माग आजवर लागलेला नाही. तेव्हा मुलांनी बागेत फावडी मारण्यात अर्थ नाही.

१३. थिबाचे वंशज रत्नागिरीत राहतात ना? त्यांना भेटता येईल?

थोरली राजकन्या कुटुंबासोबत ब्रह्मदेशला जाऊन पुन्हा रत्नागिरीला परतली. राजवाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत यांच्याशी तिचा संबंध होता आणि त्यांची मुलगी टुटू इथेच वाढली, मराठीत बोलली, इथेच संसार केला. हलाखीत दिवस काढले. पुढच्या पिढ्या आपल्यासारखी साधी नोकरी-धंद्याची माणसं आहेत. त्यांचा पत्ता आम्ही देत नाही, कोणाला शोधायलाही सांगत नाही. गट घेऊन कोणाच्या दारात "राजाचे नातू तुम्हीच का" विचारत उभं राहायचं, हे बरं दिसत नाही.

१४. डबा कुठे खायचा? जेवणाची सोय?

राजवाड्याच्या आवारात नाही. थिबा पॉइंटच्या बागेत बसता येतं, फक्त कागद आणि बाटल्या परत पिशवीत भरा. पुऱ्या-भाजी, चपातीचा रोल, दशम्या असं कोरडं आणा. दहीभात दुपारपर्यंत या दमट हवेत टिकत नाही. बाहेर जेवायचं तर शहरात थाळीची खानावळ कोणत्याही रस्त्याला मिळते, मासे खाणाऱ्यांना बांगडा नाहीतर सुरमई, सोबत सोलकढी. मोठ्या गटाने आदल्या दिवशी फोन करून आकडा सांगावा, नाहीतर शेवटच्या पंगतीला भात आणि पाणी. स्वच्छतागृह वापरून मगच राजवाड्याकडे निघा, विशेषतः मुलींच्या गटाने. तिथे मिळेलच या भरवशावर नको.

१५. पावसाळ्यात यावं का?

जून-जुलैत राजवाडा सुंदर दिसतो आणि सहल बेकार होते. पाऊस आडवा येतो, छत्री उलटी होते, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. गणपतीनंतर उघडीप मिळते पण ऑक्टोबरचं ऊन मुलांना झोपवतं. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी उत्तम. जानेवारीत राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव होतो. त्या दिवसांत मांडव-खुर्च्यांमुळे पुढचं दर्शन झाकलेलं असतं, तेवढ्या तारखा टाळा. तुम्हाला गाण्याची आवड असेल तर मात्र मुद्दाम त्याच तारखा धरा.

१६. येता-जाता भाट्याच्या समुद्रात मुलांना उतरवू का?

नाही. हे उत्तर कोणत्याही गटासाठी बदलत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडला सहलीला आलेले पुण्यातले १४ विद्यार्थी बुडाले. भाट्याला तर खाडीचं तोंड आहे. ओहोटीला पाणी ओढ घेतं आणि वरून ते शांत दिसतं. पालकांच्या संमतीपत्रात "समुद्रात उतरणार नाही" असं स्पष्ट लिहून घ्या. समुद्र पाहायची हौस थिबा पॉइंटवरून भागते.

१७. फोटो, रील, ड्रोन?

बाहेरून फोटोला अडचण येत नाही. आतल्या दालनांत आधी विचारा. कर्मचारी नको म्हणाले तर वाद घालू नका. ड्रोन आणि लग्नाआधीचं शूटिंग परवानगीशिवाय नाही. रील करणाऱ्यांना एकच विनंती: गटातले बाकीचे तुमच्या तिसऱ्या रीटेकसाठी उन्हात थांबलेले असतात.

१८. चालायला त्रास असलेला विद्यार्थी बरोबर आहे. जमेल?

तळमजला त्यातल्या त्यात सोपा, वर जायला जिना चढावा लागतो. अशा मुलाला खाली एकटं बसवून बाकीचे वर, असं करू नका. अर्ध्या गटाने खालचं रेखाटन करावं (प्रश्न ७) आणि मग अदलाबदल, म्हणजे तो एकटा पडत नाही. रत्नदुर्गऐवजी मत्स्यालय घ्या.

१९. प्रकल्पाला माहिती कुठून घेऊ? जुन्या गॅझेटियरमध्ये थिबा सापडत नाही.

सापडणारही नाही. इंग्रजांच्या काळातलं रत्नागिरी जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, १८८० चं आहे आणि राजा आला १८८६ ला. पण तेच गॅझेटियर राजा येण्याआधीची रत्नागिरी कशी होती, बोटी कधी चालायच्या, रस्ते कसे होते हे पाहायला उपयोगी आहे. प्रश्न २ चं उत्तर तुमचं तुम्हाला त्यातून काढता येईल. स्वातंत्र्यानंतरची आवृत्ती १९६२ ची. प्रकल्पात इंटरनेटवरची चार पानं चिकटवण्यापेक्षा प्रश्न १० मधल्या तारखांची एक उभी कालरेषा काढा, डावीकडे मंडाले, उजवीकडे रत्नागिरी. परीक्षक पान उलटायचं थांबतात.

२०. सावंतवाडीचा राजवाडा किंवा मुरुडचा नवाबाचा राजवाडा त्याच दिवशी जोडता येईल?

सावंतवाडी रस्त्याने चार तासांच्या घरात. तो सावंत-भोसल्यांचा राजवाडा, समोर मोती तलाव, आत गंजिफांचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांचं काम. त्याला वेगळा दिवस द्या, तो तेवढ्या लायकीचा आहे. मुरुडचा राजवाडा खासगी आहे, रस्त्यावरून पाहून पुढे जायचं. आणि तो रायगड जिल्ह्यात, तेव्हा या सहलीत त्याचा विचारही नको.

२१. आमची परतीची गाडी रात्री उशिराची आहे. संध्याकाळनंतर काय करायचं?

राजवाडा बंद झाला की थिबा पॉइंटवर दिवस मावळेपर्यंत थांबता येतं. अंधार पडल्यावर टेकडीवरून रिक्षा मिळायला वेळ लागतो, म्हणून येतानाच एखाद्या रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा. लहान मुलं असतील तर सातपर्यंत शहरात उतरा, जेवून घ्या आणि गाडीच्या तासभर आधी स्टेशन गाठा. स्टेशनजवळ रात्री खायला फारसं मिळत नाही. कोकणकन्येला उशीर झाला तर फलाटावर मुलांना झोपवायला दोन चादरी जास्त आणा.